व्हर्च्युअल मशीनची डिस्क मंदावते तेव्हा

एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या जोरावर अनेक स्वतंत्र संगणक चालवता येतात. अशा प्रत्येक संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ज्या सर्व्हरवर ती चालतात तो होस्ट, त्याच्या पोटात चालणारे प्रत्येक मशीन म्हणजे गेस्ट, आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क यांची वाटणी करून देणारे मधले सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर. आयबीएमने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली आणली. नेहमीच्या पीसीवर हे तंत्र व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये उतरवले. पुढे २००३ मध्ये झेन, २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये सामील झालेले केव्हीएम आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले आणि हे तंत्र सर्वांच्या आवाक्यात आले. हिशेबाचे एक मशीन, फाइलींचे दुसरे, हजेरीचे किंवा कॅमेऱ्यांचे तिसरे, ही सगळी एकाच सर्व्हरवर ठेवण्याची मांडणी आज अमरावती-अकोल्यातल्या मध्यम आकाराच्या महाविद्यालयाला किंवा कारखान्यालाही परवडते.

अशा ठिकाणी तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: सर्व्हर स्लो आहे. प्रोसेसरचा आलेख पाहिला तर तो वीस-तीस टक्क्यांवर निवांत असतो, तरीही नोंद जतन व्हायला दहा सेकंद लागतात. अशा वेळी संशय डिस्कवर जातो आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. पण ‘डिस्क मंद आहे’ हे निदान नव्हे, लक्षण आहे. नवी डिस्क विकत घेऊनही लक्षण तसेच राहिल्याची उदाहरणे या क्षेत्रात पावलोपावली सापडतात, कारण दोष डिस्कच्या वर कुठल्या तरी थरात असतो. हे थर कोणते, त्यांची मोजमापे कशी घ्यायची आणि दोष कोणत्या क्रमाने शोधायचा, याची एक ठरलेली रीत आहे.

विनंतीचा प्रवास

गेस्टमधल्या प्रोग्रामने एक नोंद लिहायची ठरवली की ती विनंती आधी गेस्टच्या फाइल सिस्टिमकडे जाते, तिथून गेस्टच्या ड्रायव्हरकडे आणि मग आभासी कंट्रोलरकडे. गेस्टला हा कंट्रोलर खरा वाटतो; प्रत्यक्षात तो हायपरव्हायझरने उभा केलेला देखावा असतो. हायपरव्हायझर ती विनंती उचलतो आणि गेस्टची ‘डिस्क’ म्हणून होस्टवर ठेवलेल्या फाइलीत तिची जागा शोधतो. त्यानंतर होस्टची फाइल सिस्टिम, अनेक डिस्क एका संचात जोडणारा रेड कंट्रोलर किंवा नेटवर्कवरचे स्टोरेज आणि सर्वांत शेवटी फिरणारी तबकडी किंवा एसएसडीची चिप. उत्तर याच वाटेने उलटे येते.

साध्या संगणकात या वाटेवर तीन-चार टप्पे असतात, व्हर्च्युअल मशीनमध्ये ते सात-आठ होतात. प्रत्येक टप्प्यावर एक रांग असते आणि बहुतेक टप्प्यांवर तात्पुरती साठवण, म्हणजे कॅश असते. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. पाच गेस्ट आपापल्या परीने सलग वाचन करत असले, तरी होस्टच्या डिस्कपर्यंत पोहोचेतो त्या पाच प्रवाहांची सरमिसळ होते आणि डिस्कला ते विस्कळीत वाचन दिसते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सलग कामात वेगवान आणि विस्कळीत कामात अतिशय मंद असते. म्हणूनच एकट्या संगणकात उत्तम चालणारी डिस्क पाच मशीनचा भार आला की कोलमडते.

तीन मोजमापे

डिस्कचा वेग तीन प्रकारे मोजतात. सेकंदाला किती विनंत्या पूर्ण झाल्या तो आकडा म्हणजे आयओपीएस. सेकंदाला किती मेगाबाइट डेटा गेला-आला तो प्रवाहाचा वेग. आणि एका विनंतीला उत्तर मिळेपर्यंत गेलेला वेळ म्हणजे विलंब. तो मिलिसेकंदांत मोजतात. जाहिरातींत मेगाबाइटचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. वापरणाऱ्या माणसाला जाणवतो तो मात्र विलंब.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा हिशेब कागदावर मांडता येतो. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा वाचनकाट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, सुमारे ४.२ मिलिसेकंद. काटा योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद. दोन्ही मिळून १२ ते १३ मिलिसेकंद. यावरून एका सेकंदात अशी डिस्क विस्कळीत विनंत्या पुरवू शकते त्या ७५ ते ८० च्या आसपास. सलग वाचनात दीडशे-दोनशे मेगाबाइट देणारी हीच डिस्क ४ किलोबाइटच्या विस्कळीत विनंत्यांवर सेकंदाला जेमतेम ०.३ मेगाबाइट देते. साटा जोडणीची एसएसडी याच कामात हजारोंच्या घरात आणि एनव्हीएमई एसएसडी लाखांच्या घरात विनंत्या पुरवते. डिस्क बदलून कोणाला जादू झाल्यासारखे वाटते ते याचमुळे. आणि जिथे अडचण दुसऱ्याच थरात असते तिथे ती जादू का होत नाही, हेही यावरूनच कळते.

विलंबाचा मोठा भाग पुष्कळदा डिस्कच्या कामाचा नसून रांगेत थांबण्याचा असतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची ओळ लागते, तेव्हा वजनकाटा प्रत्येक गाडीला तेवढाच वेळ घेतो, पण ओळीतल्या शेवटच्या गाडीची दुपार तिथेच जाते. डिस्कचेही तसेच होते. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो: रांगेतील विनंत्यांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीचा सरासरी वेळ. सेकंदाला ८० विनंत्या पुरवणाऱ्या डिस्कपुढे सतत १६ विनंत्या उभ्या असतील, तर प्रत्येक विनंतीला ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद लागणारच. डिस्क निर्दोष असते. तिच्या वाट्याला आलेले काम तिच्या कुवतीबाहेरचे असते.

आधी डिस्कचा दोष पक्का करणे

तपासाची पहिली पायरी म्हणजे डिस्कवरचा आरोप खरा आहे का, हे पाहणे. लिनक्स गेस्टमध्ये ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा दोन महत्त्वाचे आकडे दाखवते. एक, प्रोसेसर डिस्कच्या उत्तराची वाट पाहत किती काळ बसला आहे. दुसरा, मेमरीतील पाने डिस्कवर टाकणे आणि परत आणणे, म्हणजे स्वॅपिंग, किती चालू आहे. स्वॅपचे आकडे सतत हलत असतील तर खरी टंचाई मेमरीची आहे. डिस्क बिचारी मेमरीचे ओझे वाहत असते. अशा मशीनला दोन-चार जीबी मेमरी वाढवून दिली की डिस्कचा भार आपोआप उतरतो. हीच गोष्ट होस्टवरही तपासावी लागते. होस्टने आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त मेमरी गेस्टना वाटलेली असेल, तर होस्ट स्वतःच गेस्टची मेमरी डिस्कवर टाकू लागतो आणि गेस्टला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी पायरी गेस्टच्या आतून विलंब मोजण्याची. लिनक्सवर ‘आयओस्टॅट’ ही आज्ञा विस्तृत तक्त्याच्या पर्यायासह दर पाच सेकंदांनी चालवतात. तिचा पहिला तक्ता मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी दाखवतो, म्हणून तो सोडून पुढचे तक्ते पाहायचे. त्यात वाचनाचा सरासरी विलंब, लेखनाचा सरासरी विलंब आणि रांगेची लांबी हे तीन रकाने कामाचे. ‘वापराची टक्केवारी’ हा शेवटचा रकाना मात्र दिशाभूल करतो. एका वेळी एकच काम करणाऱ्या हार्ड डिस्कसाठी १०० टक्के म्हणजे भरलेली डिस्क. पण एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळणाऱ्या एसएसडी किंवा रेड संचासाठी १०० टक्के दिसत असतानाही भरपूर वाव शिल्लक असू शकतो.

विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये प्रत्येक वाचनाला आणि लेखनाला लागलेल्या सरासरी वेळाचे काउंटर असतात. ते सेकंदांत दाखवतात, ०.०२५ म्हणजे २५ मिलिसेकंद. हार्ड डिस्कच्या संचासाठी दहा मिलिसेकंदांच्या आतला विलंब चांगला, वीसच्या पुढे तो जाणवू लागतो आणि पन्नासच्या पुढे डेटाबेसचे काम रखडते. एसएसडीवर एक-दोन मिलिसेकंदांपेक्षा जास्त विलंब सातत्याने दिसला तर शोध घ्यायलाच हवा.

तिसरी पायरी सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी: तेच मोजमाप होस्टवरून, त्याच वेळी घेणे. व्हीएमवेअरच्या होस्टवर ‘ईएसएक्सटॉप’ हे साधन विलंबाचे भाग वेगळे करून दाखवते. गेस्टला जाणवलेला एकूण विलंब म्हणजे उपकरणाचा विलंब अधिक हायपरव्हायझरच्या आतला विलंब. उपकरणाचा विलंब २५ मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर अडचण खाली, डिस्क किंवा स्टोरेजमध्ये; हायपरव्हायझरचा विलंब २ मिलिसेकंदांच्या वर गेला तर रांग होस्टमध्येच साचते आहे. केव्हीएमच्या होस्टवर आत आणि बाहेर एकाच वेळी ‘आयओस्टॅट’ चालवून हीच तुलना करता येते. गेस्टमध्ये ८० मिलिसेकंद आणि होस्टवर ५ मिलिसेकंद दिसत असतील, तर नव्या डिस्कवर खर्च करून काहीच साधणार नाही.

गेस्ट आणि हायपरव्हायझर यांच्यातले दोष

वरच्या थरांत सर्वाधिक आढळणारा दोष चुकीच्या आभासी कंट्रोलरचा. मशीन तयार करताना सोय म्हणून जुन्या आयडीई कंट्रोलरची नक्कल निवडली जाते आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहते. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करण्यात प्रोसेसरचा वेळ जातो आणि एका वेळी एकच विनंती पुढे सरकते. यावर उपाय म्हणून गेस्टला आपण आभासी आहोत हे माहीत असणारे ड्रायव्हर तयार झाले. केव्हीएमसाठी व्हर्टआयओ आणि व्हीएमवेअरसाठी पीव्हीस्कझी हे त्यांतले प्रमुख. लिनक्समध्ये ते आधीपासून असतात. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, म्हणूनच विंडोज गेस्ट अनेकदा आयडीईवरच अडकून पडतो. हायपर-व्हीमधील पहिल्या पिढीची मशीन आयडीईवरूनच सुरू होतात. त्यांत डेटाची डिस्क तरी स्कझी कंट्रोलरवर ठेवावी.

दुसरा दोष विसरलेल्या स्नॅपशॉटचा. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क-फाइल गोठते आणि नंतरचे सर्व बदल वेगळ्या फाइलीत जातात. त्यावर दुसरा, तिसरा स्नॅपशॉट घेतला की फाइलींची साखळी बनते. वाचताना ती नोंद साखळीच्या कोणत्या कडीत आहे हे शोधावे लागते, लिहिताना नवी जागा जोडावी लागते. व्हीएमवेअर एका साखळीत ३२ स्नॅपशॉटपर्यंत मुभा देते, पण दोन-तीनपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि एखादा ७२ तासांपलीकडे राहू देऊ नये, अशी तिचीच शिफारस आहे. काही बॅकअप सॉफ्टवेअर दर रात्री स्नॅपशॉट घेतात आणि काम फसले तर तो मागे राहून जातो. महिनोन्‌महिने जुना स्नॅपशॉट काढायचा तर गोळा झालेले सगळे बदल मूळ फाइलीत मिसळावे लागतात. ते काम स्वतःच डिस्कला जड असते, म्हणून ते सुटीच्या दिवशी करावे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ फाइल गेली तर त्यावरचे सगळे स्नॅपशॉट निरुपयोगी होतात.

डिस्क-फाइलचा प्रकारही पाहावा लागतो. लागेल तशी वाढणारी फाइल जागा वाचवते, पण प्रत्येक नवा भाग पहिल्यांदा लिहिताना जागा मिळवून ती शून्यांनी भरावी लागते. जास्त लेखन करणाऱ्या डेटाबेसला पूर्ण जागा आधीच भरून ठेवलेली फाइल देणे योग्य. केव्हीएममध्ये कॅशची पद्धतही निवडता येते. गेस्ट आणि होस्ट दोघेही तोच डेटा आपापल्या मेमरीत साठवत बसले तर मेमरी वाया जाते. होस्टची कॅश टाळणारा पर्याय बहुतेक सर्व्हरसाठी बरा. प्रत्येक लेखन थेट डिस्कपर्यंत नेणारा पर्याय सुरक्षित पण मंद. ‘असुरक्षित’ नावाचा पर्याय अतिशय वेगवान असतो, कारण तो डेटा डिस्कवर पक्का करण्याची गेस्टची विनंती सरळ दुर्लक्षितो. वीज गेली की तो वेग महागात पडतो. ज्या डेटाची गरज आहे त्यावर तो कधीही लावू नये.

जुन्या गेस्टमध्ये आणखी एक सुप्त दोष सापडतो. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांच्या काळात पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असे. आजच्या डिस्क आतून ४ किलोबाइटच्या खणांत डेटा ठेवतात आणि ६३ सेक्टरची सुरुवात या खणांच्या सीमेवर येत नाही. परिणामी एका लेखनासाठी दोन खण उघडावे लागतात. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून सुरुवात १ मेगाबाइटवर होते आणि हा प्रश्न मिटतो. पण जुन्या मशीनची जशीच्या तशी नक्कल करून नव्या होस्टवर आणली तर दोषही बरोबर येतो.

होस्ट आणि डिस्क यांच्यातले दोष

खालच्या थरात पहिला प्रश्न रेडच्या निवडीचा. रेड ५ मध्ये एक छोटे लेखन म्हणजे डिस्कवरची चार कामे: जुना डेटा वाचा, जुनी पडताळणी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पडताळणी लिहा. रेड ६ मध्ये ती सहा होतात, रेड १० मध्ये दोनच. समजा, ७५ आयओपीएसच्या आठ डिस्क आहेत आणि कामात ७० टक्के वाचन, ३० टक्के लेखन आहे. डिस्कची एकूण कुवत ६०० कामांची. रेड ५ वर गेस्टच्या वाट्याला सुमारे ३१५ विनंत्या येतात, रेड १० वर सुमारे ४६०. डिस्क त्याच, सर्व्हर तोच, फरक फक्त मांडणीचा.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. सगळी मशीन एकाच वेळी सुरू झाली, सगळ्यांचे अँटिव्हायरस दुपारी एकाच वेळी तपासणी करू लागले किंवा सगळ्यांचे बॅकअप रात्री अकरालाच लागले, तर प्रत्येकाचा वाटा घसरतो. संगणक-प्रयोगशाळेत तास सुरू होताना चाळीस विद्यार्थ्यांची मशीन एकदम चालू होतात, तेव्हा पहिली दहा मिनिटे याच कारणाने वाया जातात. वेळा विखुरणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय. तपासात वेळापत्रक म्हणूनच महत्त्वाचे ठरते. डेबियन लिनक्सवरील सॉफ्टवेअर रेड दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर संपूर्ण संचाची पडताळणी सुरू करतो. मोठ्या डिस्कवर ती रविवारभर चालते. महिन्यातून एकदाच येणाऱ्या मंदपणाचे कोडे अशा नोंदी पाहिल्यावर सुटते.

तिसरा प्रश्न डिस्कच्या जातीचा. काही स्वस्त हार्ड डिस्कमध्ये लेखनाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. सुरुवातीला त्या वेगवान वाटतात, पण सतत लेखन चालू राहिले की एक पट्टा बदलण्यासाठी शेजारचे अनेक पट्टे पुन्हा लिहावे लागतात आणि वेग कोसळतो. रेड संचात अशा डिस्क वापरू नयेत. घरगुती वापराच्या एसएसडीत वीज जाताना डेटा वाचवणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे डेटाबेसने प्रत्येक नोंद पक्की करण्याचा आग्रह धरला की त्यांचा वेग जाहिरातीच्या तुलनेत फारच कमी भरतो. एसएसडी काठोकाठ भरली किंवा पुसलेल्या जागेची माहिती गेस्टकडून खालपर्यंत पोहोचली नाही, तरी लेखन मंदावते.

स्टोरेज नेटवर्कवर असेल तर त्याची मर्यादाही हिशेबात घ्यावी. १ गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपासच डेटा जातो. त्यापलीकडे कितीही चांगल्या डिस्क लावल्या तरी फरक पडत नाही. मशीन क्लाउडमध्ये असेल तर मर्यादा कराराने ठरते. ॲमेझॉनच्या ‘जीपी२’ प्रकारच्या डिस्कला प्रत्येक जीबीमागे ३ आयओपीएस मिळतात. १०० जीबीच्या डिस्कला कायमचे ३००. साठवलेल्या शिलकीवर ती ३,००० पर्यंत जाते, पण अखंड पूर्ण भारावर ती शिल्लक अर्ध्या तासाच्या थोडे पुढे संपते आणि वेग एकदम दहाव्या हिश्शावर येतो. सकाळी सुरळीत आणि नंतर अचानक मंद, असे चित्र दिसले तर या शिलकीचा आलेख पाहावा. नंतरच्या ‘जीपी३’ प्रकारात आकार कितीही असला तरी ३,००० आयओपीएस मिळतात.

वऱ्हाडचे ऊन आणि जाणारी वीज

अकोला आणि अमरावती इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. ‘ॲश्रे’ ही वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी शिफारस करते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र तासभर बंद पडले तरी बंद खोलीतला सर्व्हर या मर्यादेच्या फार पुढे जातो. एनव्हीएमई एसएसडी ठरावीक तापमानाला पोहोचली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. दुपारी मंद, रात्री ठीक, असा मंदपणा दिसला तर विलंबाच्या आलेखाशेजारी डिस्कच्या तापमानाचा आलेख ठेवून पाहावा. ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या नोंदवहीत तापमान मिळते.

उष्णतेचा दुसरा बळी रेड कंट्रोलरची बॅटरी. चांगला कंट्रोलर लेखन आधी आपल्या मेमरीत घेतो, लगेच ‘झाले’ म्हणून कळवतो आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतो. वीज गेली तर मेमरीतला डेटा टिकवण्यासाठी बॅटरी किंवा कपॅसिटर असतो. बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. ती निकामी झाली, किंवा लांबलेल्या वीजकपातीत उतरली, की कंट्रोलर ही सोय आपणहून बंद करतो आणि प्रत्येक लेखन थेट डिस्कवर नेतो. डेटा सुरक्षित राहतो, पण लेखनाचा विलंब अनेक पटींनी वाढतो. कोणतीही त्रुटी पडद्यावर येत नाही. कंट्रोलरच्या नोंदीत फक्त एक ओळ पडते. अचानक बंद पडलेल्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर रेड असेल, तर वीज आल्यावर संचाचे पुन्हा जुळवणेही सुरू होते, आणि त्याच वेळी सगळी मशीन एकदम उठतात. म्हणून मशीन सुरू होण्याचा क्रम आणि त्यांतले अंतर हायपरव्हायझरमध्ये ठरवून ठेवावे, आणि यूपीएसकडून सूचना मिळताच सर्व्हर नीट बंद होईल अशी जोडणी करावी.

एक नमुना हिशेब

अकोल्यातील एखाद्या डाळ मिलच्या कार्यालयाची मांडणी घेऊन हे सारे एकत्र पाहता येते. एका सर्व्हरवर ७,२०० फेऱ्यांच्या चार हार्ड डिस्क, रेड ५. कुवत ३०० कामांची. त्यावर तीन मशीन: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे, फाइलींचे आणि सोळा कॅमेऱ्यांच्या ध्वनिचित्रमुद्रणाचे. तक्रार अशी की महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरायचे असताना टॅली गोठते.

टॅलीच्या मशीनमध्ये मोजले तर सेकंदाला जेमतेम आठ-दहा लेखने दिसतात, पण प्रत्येकाला दीडशे मिलिसेकंद. म्हणजे टॅली भार टाकत नाही, भार सोसते आहे. होस्टवर पाहिले तर बहुतेक लेखन कॅमेऱ्यांच्या मशीनचे. सोळा कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबाइट, दिवसाला जवळपास ६९० जीबी. ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत ही सेकंदाला १२५ लेखने होतात. रेड ५ च्या हिशेबाने ती ५०० कामे, आणि कुवत ३००. मग हा सर्व्हर वर्षभर चालला कसा? कंट्रोलरच्या मेमरीमुळे. तिथे सलग तुकडे एकत्र करून मोठ्या पट्ट्यांत लिहिले जात होते, त्यामुळे चौपट दंड लागतच नव्हता. उन्हाळ्यात बॅटरी निकामी झाली, ती सोय बंद पडली आणि दडलेला भार उघडा पडला. नवी बॅटरी हा तातडीचा उपाय. कॅमेऱ्यांच्या मुद्रणाला स्वतंत्र डिस्क देणे आणि टॅलीचा डेटा एसएसडीच्या जोडीवर हलवणे हा कायमचा. टॅलीच्या मशीनला प्रोसेसर वाढवून देणे किंवा नवा सर्व्हर घेणे, या दोन्ही खर्चांनी मूळ दोषाला हात लागला नसता.

चाचणी आणि नोंद

दुरुस्तीनंतर सुधारणा झाली की नाही, हे मोजूनच ठरवावे. मोठी फाइल कॉपी करून वेग पाहण्याची सवय फसवी आहे, कारण ती सलग वेग दाखवते आणि त्यातही मेमरीतल्या कॅशचा वाटा असतो. लिनक्सवर ‘एफआयओ’ आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्टचे ‘डिस्कस्पीड’ ही साधने प्रत्यक्ष कामासारखा भार निर्माण करतात: ४ किंवा ८ किलोबाइटच्या विस्कळीत विनंत्या, ७० टक्के वाचन, ३० टक्के लेखन, कॅश टाळून. चाचणी नेहमी नव्या फाइलीवर घ्यावी. थेट डिस्कवर लेखनाची चाचणी लावली तर तिथला डेटा नष्ट होतो. सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का विनंत्यांचा विलंबही पाहावा. वापरणाऱ्याला आठवतात ते तेच क्षण.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलाच्या आधीचे व नंतरचे आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि वेग सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळा शोध पुन्हा करावा लागतो. सर्व काही सुरळीत असतानाचे आकडे तर सर्वांत मौल्यवान. निरोगी दिवसाचा विलंब किती होता हे ठाऊक नसेल, तर आजचे २० मिलिसेकंद जास्त की नेहमीचेच, हे कोणीही सांगू शकत नाही. दर महिन्याला एकदा, कामाच्या वेळी, गेस्ट आणि होस्ट दोन्हींवर पाच मिनिटांचे मोजमाप घेऊन वहीत उतरवणे कोणत्याही संस्थेला शक्य आहे. त्याच वेळी स्नॅपशॉटची यादी, कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती आणि डिस्कचे तापमानही पाहावे. डिस्कच्या मंदपणाची बरीच प्रकरणे या तीन नोंदींतच उलगडतात. नव्या सर्व्हरचे कोटेशन मागवण्याआधी प्रत्येक संस्थेने एवढे मोजमाप करावेच.